कामठीचे रुस्तमजी : एका पोलिस अधिकाऱ्याची छत्तीस वर्षे

मंडळाची स्मरणिका हाती आली म्हणजे आम्ही प्रथम गुणवंतांची पाने उघडतो. अडतीस वर्षे ज्याने खडू हाती धरला, त्याची ही खोड जावयाची नाही. गेल्या काही वर्षांत या पानांवर खाकी गणवेशातील छायाचित्रे वाढू लागली आहेत. कोणी अकोल्याच्या पोलिस प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडलेला असतो, कोणी अमरावतीच्या राज्य राखीव दलात रुजू झालेला असतो, तर एखादी मुलगी फौजदाराच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेली असते. ही छायाचित्रे पाहून आम्हांस आनंद होतो. मात्र त्या आनंदाच्या पाठोपाठ एक वाक्य आमच्या कानी येते, व ते ऐकून आम्ही अस्वस्थ होतो. सत्कारसमारंभाच्या पंगतीत कोणीतरी वडीलधारी व्यक्ती म्हणते, "बरे झाले, आता ठाण्यात आपला माणूस झाला."

'आपला माणूस' या दोन शब्दांचा अर्थ काय, याचा विचार करावा म्हणून आम्ही यंदा एका पोलिस अधिकाऱ्याचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत. हे गृहस्थ आपल्या ज्ञातीचे नव्हेत. ते पारशी होते. मग आपल्या स्मरणिकेत त्यांचे काय काम, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, आपले अकोला व अमरावती जिल्हे ज्या प्रांतात होते, त्याच प्रांताच्या पोलिस दलात त्यांची सेवा सुरू झाली आणि त्यांचा जन्मही आपल्याच विदर्भात झाला. विदर्भाशी संबंध असलेले दुसरे मोठे पोलिस अधिकारी म्हणजे कै. हेमंत करकरे. त्यांचे शिक्षण नागपुरास झाले, चंद्रपूर जिल्ह्यात त्यांनी सेवा केली, आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत त्यांनी देह ठेविला. त्यांची कथा घरोघरी ठाऊक आहे. रुस्तमजींचे नाव मात्र नव्या पिढीस अपरिचित आहे, म्हणून त्यांची निवड केली.

खुसरो फरामुर्झ रुस्तमजी यांचा जन्म २२ मे १९१६ रोजी नागपूरजवळ कामठी येथे झाला. कन्हान नदीकाठचे कामठी हे इंग्रजांनी १८२१ मध्ये वसविलेल्या छावणीचे गाव. छावणी आली म्हणजे तिच्या मागोमाग दुकाने, बंगले, मद्राशी नोकरवर्ग व पारशी व्यापारी येत. अशा बहुभाषी गावात हा मुलगा वाढला. नागपूर व मुंबई येथे शिक्षण घेऊन १९३८ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते इंडियन पोलिस या वरिष्ठ सेवेत दाखल झाले.

त्या वेळची राज्यव्यवस्था तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १९०२ मध्ये तो कायमच्या भाडेपट्ट्याने त्यांच्याकडे गेला. आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्यप्रांतास जोडण्यात आला. यालाच पुढे 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असे नाव पडले. राजधानी नागपूर. जिल्ह्याचा पोलिस प्रमुख बहुधा इंग्रज असे. १८६१ च्या कायद्याने उभारलेले ते दल रयतेच्या रक्षणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, राज्यकर्त्यांच्या रक्षणासाठी होते. पहिल्या महायुद्धानंतर वरिष्ठ सेवेची दारे भारतीयांस थोडी किलकिली झाली, व त्या दारातून जे मोजके तरुण आत गेले त्यांपैकी रुस्तमजी एक होत.

त्यांच्या सेवेचा आरंभ नागपुरात सहायक पोलिस अधीक्षक म्हणून झाला. नागपूरच्या दंगलीतील धैर्याबद्दल त्यांस पोलिसांचे शौर्यपदक मिळाले. पण याच काळात १९४२ साल उजाडले. ऑगस्ट महिन्यात आपल्या विदर्भात काय घडले, ते वऱ्हाडच्या माणसास सांगावयास नको. चिमूर व आष्टी येथे १६ ऑगस्टला रक्त सांडले. आपल्या अमरावती जिल्ह्यातील यावली व बेनोडा या गावांनी गोळ्या झेलल्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांस सरकारने तुरुंगात टाकले. त्या दिवसांत खाकी गणवेश दिसला की गावातील दारे बंद होत, असे आम्ही आमच्या वडिलांच्या तोंडून ऐकले आहे. रुस्तमजी त्या वेळी त्याच सरकारचे पोलिस अधिकारी होते. चरित्र लिहिताना ही गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. ज्या सेवेत ते होते ती सेवा परक्यांची होती, आणि तिचे ओझे त्या पिढीतील प्रत्येक भारतीय अधिकाऱ्यास वाहावे लागले. प्रश्न एवढाच की स्वराज्य आल्यावर कोणी काय केले. काहींनी साहेबाची खुर्ची घेतली व साहेबासारखेच वागू लागले. काहींनी त्या खुर्चीचा अर्थ बदलण्याचा प्रयत्न केला. रुस्तमजी कोणत्या वर्गात बसतात, हे त्यांच्या पुढील आयुष्यावरून वाचकांनीच ठरवावे.

स्वातंत्र्य मिळाले तरी आपल्या दक्षिणेस पैनगंगेपलीकडे निजामाचे राज्य उरले होते. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होते. त्याचा स्वतंत्र जिल्हा १९९८ मध्ये झाला. रझाकारांच्या जुलमाने गांजलेली मराठवाड्यातील कुटुंबे सीमा ओलांडून वऱ्हाडात आश्रयास येत. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले व पाच दिवसांत निजामाने शरणागती पत्करली. ती लष्करी मोहीम असली तरी तिला 'पोलिस कारवाई' हेच नाव मिळाले. या कारवाईत रुस्तमजींचाही सहभाग होता. सैन्याचे काम पाच दिवसांत संपते. त्यानंतर गावोगाव भीती घालविणे, सूडाच्या आगी विझविणे व लोकांस पुन्हा शेतावर पाठविणे हे काम मात्र पोलिसांस महिनोन्महिने करावे लागते.

१९५२ मध्ये त्यांची नेमणूक पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांचे मुख्य सुरक्षा अधिकारी म्हणून झाली. हे काम त्यांनी सहा वर्षे केले. गांधीजींच्या हत्येस अवघी चार वर्षे झाली होती, आणि पंडितजींस तर पहारेकऱ्यांचा मनापासून कंटाळा. गर्दी दिसली की ते तिच्यात शिरत. अशा पुरुषाचे रक्षण करावयाचे, आणि तेही त्यास कळू न देता! मार्च १९५५ मध्ये नागपुरातच एका रिक्षावाल्याने चाकू घेऊन पंडितजींच्या मोटारीवर झडप घातली होती; सुदैवाने अनर्थ टळला. या सहा वर्षांत रुस्तमजी दैनंदिनी लिहीत असत. तिच्यावर आधारलेला ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला असून, जवळून पाहिलेल्या थोर पुरुषाविषयी भक्ती असूनही त्याचे दोष दिसू शकतात, याचे ते उत्तम उदाहरण आहे.

दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. जुन्या प्रांताच्या अधिकाऱ्यांची वाटणी झाली, आणि कामठीचे रुस्तमजी मध्यप्रदेशाच्या वाट्यास गेले. १९५८ मध्ये ते त्या राज्याचे इन्स्पेक्टर जनरल झाले. त्या काळी पोलिस दलाचे राज्यातील हेच सर्वोच्च पद होते.

मध्यप्रदेशाचा मोठा रोग होता चंबळच्या खोऱ्यातील दरोडेखोरी. भिंड व मुरैना भागांत नदीच्या पाण्याने जमीन चिरून खोल घळी झालेल्या आहेत. त्यांत शिरलेला माणूस सापडणे कठीण. जमिनीचे तंटे, घराण्यांचे वैर, जातीचा अभिमान व सूडाची परंपरा यांतून एकेक टोळी उभी राही. येथे ज्ञातिबांधवांनी थोडे थांबावे. दरोडेखोरास आश्रय कोण देई? त्याच्याच जातीचे गाव. त्यास भाकर, बातमी व काडतुसे कोण पुरवी? 'आपला माणूस' म्हणणारे त्याचे नातलग. पोलिसांतही एखादा त्याच्या जातीचा निघाला तर आधीच इशारा पोहोचे. रुस्तमजींच्या कारकिर्दीत रूपा, अमृतलाल, लाखनसिंग यांसारख्यांच्या टोळ्या मोडल्या. गब्बरसिंग हा तर गावकऱ्यांची नाके कापून दहशत बसवीत असे. १३ नोव्हेंबर १९५९ रोजी तो पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला, व दुसऱ्या दिवशी, पंडितजींच्या सत्तराव्या वाढदिवशी, रुस्तमजींनी त्यांस ही वार्ता भेट म्हणून दिली. सोळा वर्षांनी 'शोले' चित्रपटाने हे नाव पोरासोरांच्या तोंडी केले. पण ज्यांची नाके गेली त्या गरिबांची नावे कोणासही ठाऊक नाहीत.

याच काळात एक विलक्षण प्रसंग घडला. मे १९६० मध्ये आचार्य विनोबा भावे पदयात्रा करीत चंबळच्या खोऱ्यात गेले, व त्यांच्या पायांशी सुमारे वीस दरोडेखोरांनी शस्त्रे ठेविली. सारा देश धन्य धन्य म्हणू लागला. रुस्तमजींनी मात्र उघडपणे नापसंती व्यक्त केली. दरोडेखोरांचा गौरव झाला, पण त्यांनी मारलेल्यांच्या विधवांचे काय, आणि त्यांच्याशी लढताना पडलेल्या शिपायांचे काय, असा त्यांचा रोख होता. पवनारचे विनोबा व कामठीचे रुस्तमजी या दोन ठिकाणांत अंतर ते किती! पण एकाची दृष्टी मनुष्याच्या हृदयपरिवर्तनाकडे, तर दुसऱ्याची कायद्याच्या अब्रूकडे. आमची विनोबांवर श्रद्धा आहे, आणि बारा वर्षांनी, १९७२ मध्ये, जयप्रकाशजींपुढे शेकडो दरोडेखोर शरण आले तेव्हा त्या मार्गाचे सामर्थ्य सर्वांस दिसले. तरीही, साऱ्या देशाच्या श्रद्धेचा विषय झालेल्या संताच्या कार्याविषयी आपल्या शिपायांच्या बाजूने बोलण्याचे धैर्य ज्या अधिकाऱ्याने दाखविले, त्यास आम्ही मनोमन नमस्कार करतो.

१९६५ साल आले. एप्रिल महिन्यात पाकिस्तानने कच्छच्या रणात सरदार चौकीवर हल्ला केला. तोवर सीमेवरील पहारा त्या त्या राज्याच्या पोलिसांकडे असे. एका राज्याची बंदूक निराळी, दुसऱ्याची निराळी. हुकूम देणारा कोणीच एक नाही. सप्टेंबरचे युद्ध संपल्यावर केंद्र सरकारने सर्व सीमेसाठी एकच दल उभारण्याचे ठरविले, आणि १ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दलाची स्थापना झाली. त्याचे पहिले प्रमुख म्हणून रुस्तमजींस बोलावण्यात आले. राज्याराज्यांच्या सुमारे पंचवीस पलटणी गोळा करून त्यांनी कामास आरंभ केला. निरनिराळ्या भाषांची, जातींची, सवयींची माणसे. त्यांस एका पंगतीस बसवून एक दल करावयाचे होते. ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे दलाची प्रबोधिनी निघाली. नऊ वर्षांनी ते निवृत्त झाले तेव्हा पलटणींची संख्या दुपटीहून अधिक झाली होती. आज आपल्या ज्ञातीतीलही कित्येक मुले राजस्थानच्या वाळूत वा बंगालच्या नदीकाठी या दलात पहारा देत आहेत. त्यांनी आपल्या दलाच्या पहिल्या प्रमुखाचे जन्मगाव कामठी होते, हे अभिमानाने ध्यानी ठेवावे.

१९७१ मध्ये पूर्व बंगालात पाकिस्तानी सैन्याने कत्तल आरंभिली. मार्चच्या अखेरीस तेथील पुढारी ताजुद्दीन अहमद अंगावरच्या वस्त्रांनिशी सीमेवर पोहोचले. सीमा सुरक्षा दलाच्या अधिकाऱ्यांनी त्यांस सन्मानाने आत घेतले, व रुस्तमजी विमानाने कलकत्त्यास येऊन त्यांस भेटले. बदलावयास कपडे देण्यापासून दिल्लीस पंतप्रधानांची गाठ घालून देण्यापर्यंत सारी व्यवस्था या दलाने केली. १७ एप्रिल १९७१ रोजी सीमेलगतच्या बैद्यनाथतला येथील आमराईत बांगलादेशाच्या पहिल्या सरकारचा शपथविधी झाला, त्यामागेही हेच हात होते. त्या वर्षी सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पैनगंगेकाठी वऱ्हाडाने जे थोडक्या प्रमाणात पाहिले होते, तेच आता सबंध देशाने पाहिले.

३० सप्टेंबर १९७४ रोजी रुस्तमजी दलाच्या प्रमुखपदावरून निवृत्त झाले. छत्तीस वर्षांची सेवा संपली. त्यानंतर समुद्रमार्गे होणाऱ्या चोरट्या व्यापाराचा विचार करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष झाले. तिच्या शिफारशींतून पुढे भारतीय तटरक्षक दल उभे राहिले. सीमेवरील एक दल ज्याने घडविले, त्याच्याच लेखणीतून समुद्रावरील दुसऱ्या दलाचा पाया घातला गेला. एवढ्यावर हे चरित्र संपले असते तरी ते थोर ठरले असते. पण आमच्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम गणवेश उतरविल्यानंतरचे आहे.

नोव्हेंबर १९७७ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय पोलिस आयोग नेमला. रुस्तमजी त्याचे सदस्य होते. आयोगाच्या कामानिमित्त त्यांनी बिहारमधील तुरुंग पाहिले. तेथे त्यांस जे दिसले त्याने हा कसलेला पोलिस अधिकारी हादरून गेला. खटलाच न चाललेले शेकडो कच्चे कैदी वर्षानुवर्षे आत पडलेले होते. गुन्हा सिद्ध झाला असता तर जी शिक्षा झाली असती, तिच्याहून अधिक काळ काहींनी तुरुंगात काढलेला. जामिनास पैसे नाहीत, वकील नाही, विचारणारे कोणी नाही. त्यांत स्त्रिया होत्या, मुलेही होती. रुस्तमजींनी जानेवारी १९७९ मध्ये इंग्रजी वृत्तपत्रात याविषयी लेख लिहिले. ते वाचून वकील कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. हाच 'हुसैनारा खातून' खटला होय. न्यायमूर्ती भगवती यांनी निर्णय दिला की विनाविलंब खटला चालणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीवनाच्या हक्काचाच भाग आहे. त्या निर्णयाच्या ओघात देशभर सुमारे चाळीस हजार कच्चे कैदी सुटले असे सांगतात. आज ज्यास जनहितयाचिका म्हणतात, तिच्या आरंभीच्या खटल्यांत याची गणना होते. ज्या मनुष्याने उभ्या आयुष्यात माणसे तुरुंगात धाडली, त्याच्याच लेखणीने तुरुंगाची दारे उघडली!

येथे आम्हांस आमची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातील एका तरुणास मारामारीच्या प्रकरणात पोलिसांनी धरले. ज्या ठाण्यात तो होता, तेथील अंमलदार आमचा विद्यार्थी व ज्ञातीचाच. आम्ही टोपी सारखी केली व गेलो. त्याने उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, चहा मागविला. आम्ही शब्द टाकला. तो खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, डायरीत नाव चढलं. आता माह्या हातात काई नाही राह्यलं." आम्ही चहा तसाच ठेवून उठलो. पुढे दोन वर्षे त्याच्या घरच्या कार्यास गेलो नाही. चारचौघांत म्हणालो, "आपला असून कामाचा नाही."

त्या मुलास जामीन मिळाला, पण कागद पुरे होण्यास व जामीनदार उभा राहण्यास एकोणीस दिवस लागले. त्या एकोणीस दिवसांत तुरुंगाच्या भेटीच्या रांगेत आम्ही जे पाहिले, ते विसरणार नाही. मेळघाटातून आलेली एक म्हातारी होती. तिच्या मुलास आत जाऊन किती दिवस झाले हे तिला मोजता येत नव्हते. जामीन म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते. तिचा कोणत्याच ठाण्यात 'आपला माणूस' नव्हता. आमच्या मुलासाठी आमच्यासारखे चार लोक धावत होते. तिच्या मुलासाठी कोण? त्या दिवशी आम्हांस कळले की आमच्या विद्यार्थ्याने आमचे ऐकले असते, तर त्या रांगेतील अन्याय अधिकच वाढला असता. ज्याची ओळख आहे तो सुटतो, आणि ज्याची नाही तो आत राहतो. रुस्तमजींचे ते लेख आम्ही पुढे वाचले तेव्हा ती म्हातारी डोळ्यांपुढे उभी राहिली. आमच्या विद्यार्थ्याच्या घरी जाऊन आम्ही त्याच्या हातचा चहा घेतला. वयाने मोठ्या माणसाने असा उशिराने चहा घेण्यात काही कमीपणा नाही, असे आमचे मत आहे.

१९७२ मध्ये सरकारने रुस्तमजींस पद्मभूषण व १९९१ मध्ये पद्मविभूषण देऊन गौरविले. पोलिस सेवेतील व्यक्तीस हा दुसरा सन्मान मिळणे विरळाच. २००३ मध्ये ते निवर्तले. पोलिस आयोगाचे आठ अहवाल १९८१ पर्यंत सादर झाले. पोलिसांवर पुढाऱ्यांचा दाब राहू नये, त्यासाठी स्वतंत्र मंडळ असावे, ही त्यांतील मुख्य शिफारस. तिची दखल सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाशसिंग यांच्या खटल्यात घेतली. राज्याराज्यांनी ती मनापासून अमलात आणली असे अद्यापि म्हणता येत नाही. पण आम्हांस येथे पुढाऱ्यांस दोष देण्यापूर्वी स्वतःकडे पाहावेसे वाटते. पोलिसावर दाब आणणारा केवळ मंत्री नसतो. मामा असतो, व्याही असतो, ज्ञातिमंडळाचा पदाधिकारी असतो, आणि प्रसंगी त्याचा जुना मास्तरही असतो.

म्हणून मंडळास आमची विनंती आहे. खाकी गणवेशातील मुलामुलींचा सत्कार अवश्य करावा. शाल द्यावी, श्रीफळ द्यावे. पण त्याच व्यासपीठावर मंडळींनी त्यांस एक वचनही द्यावे : आम्ही तुमच्या ठाण्यात शब्द टाकावयास येणार नाही. एवढे वचन आपण पाळले, तर त्या मुलांच्या सेवेचा अर्धा भार हलका होईल. आणि त्या मुलामुलींस आमचे सांगणे एवढेच, की बाळांनो, ज्याच्यासाठी कोणी येत नाही त्याच्याकडे तुम्ही आपणहून पाहा. त्याचे जामिनाचे कागद अडले असतील तर चौकशी करा. त्याच्या म्हाताऱ्या आईस रांगेत बसावयास जागा द्या. कायद्याबाहेर जाऊन काही करावयास नको. कायद्याने जे देऊ केले आहे तेवढे त्याच्यापर्यंत पोहोचवा. म्हणजे मग पंगतीत कोणी तुम्हांस 'आपला माणूस' म्हणाले, तर तो शब्द सार्थ होईल.

सर्व नवनियुक्तांस आमचे अनेक आशीर्वाद.